प्रवाळ बघायला पहिल्यांदाच पाण्यात उतरताय? मग हे आधी वाचा

पहिल्यांदा स्नॉर्केलिंगला (मास्क लावून, नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत खाली बघायला) गेलो तेव्हा पाचव्या मिनिटाला मी प्रवाळावर उभा होतो. मास्कमध्ये पाणी शिरलं, नाकातोंडात खारट गेलं, घाबरलो आणि पाय टेकायला जिथे जागा मिळाली तिथे टेकले. पायाखाली वाळकी काटकी मोडावी तसं काहीतरी काडकन मोडलं. गाइड काही बोलला नाही. तो खाली गेला, बोटाएवढ्या तुटक्या तुकड्याकडे बोट दाखवलं आणि मग माझ्या पायांकडे.

त्यानंतर मी डायव्हिंग शिकलो, प्रवाळांच्या पाहणीत स्वयंसेवक म्हणून गेलो आणि बऱ्याच चुका केल्या. आता ओळखीतलं कोणी विचारतं, "प्रवाळ वाचवायला काहीतरी करायचंय, कुठून सुरुवात करू?" बहुतेकांच्या डोक्यात प्रवाळ लावणं किंवा समुद्रतळाची सफाई असते. माझं उत्तर ऐकून त्यांचा हिरमोड होतो: आधी पाण्यात स्थिर पडून राहायला शिका. बाकी सगळं त्यानंतर.

१. तो दगड नाही, हे पक्कं करा

दिसतो तो खडक म्हणजे घर आहे. त्यात राहतात पॉलिप नावाचे इवलेसे प्राणी. मधे तोंड, भोवती शुंडकांचं कडं, आणि खाली स्वतःच बांधलेला चुन्याचा सांगाडा. त्यांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर अन्न बनवतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला देतं. काही प्रवाळांची ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा अशी येते. प्रवाळाचा रंगही मुख्यतः या भाडेकरूचाच.

वरची जिवंत कातडी अगदी पातळ असते आणि तिच्या खाली लगेच धारदार सांगाडा. तुम्ही हळूच हात टेकला तरी ती कातडी तुमचा तळवा आणि तिचाच सांगाडा यांच्यामध्ये चिरडते. त्या जखमेवर शैवाल बसतं, कधी रोग शिरतो. गोलसर, धोंड्यासारखे प्रवाळ वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर ते दोनेक सेंटिमीटर वाढतात. फांद्यांचे जलद वाढतात, काही जाती वर्षाला दहा सेंटिमीटरपर्यंत. म्हणजे माझ्या पायाखाली मोडला तो बोटभर तुकडा जातीनुसार काही महिन्यांचा असेल किंवा काही वर्षांचा.

समुद्रतळाचा एक टक्काही भाग प्रवाळांनी व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जाती आयुष्यात कधी ना कधी त्यांच्या आधाराने राहतात असा अंदाज आहे.

२. कोणाबरोबर जायचं हे चार प्रश्नांवर ठरवा

बुकिंग करण्याआधी विचारा:

- होडी कशाला बांधता? उत्तर "बोयाला" (तळाशी कायमच्या बांधलेल्या तरंगत्या पिंपाला) असं हवं. नांगर टाकत असतील तर "वाळूतच टाकतो" एवढ्यावर समाधान मानू नका. नांगर वाळूत असला तरी वारा फिरला की साखळी तळावर चाप काढत फिरते आणि वाटेत येईल ते झोडपते.
- एका गाइडमागे किती माणसं? आणि गाइड स्वतः पाण्यात उतरतो की होडीवर बसतो?
- माशांना खायला टाकता का? "हो, मुलांना मजा येते" असं उत्तर आलं तर दुसरा पर्याय बघा.
- कोणी प्रवाळाला हात लावला तर तुम्ही काय करता?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कॅरिबियनमधल्या सेंट लुशिया बेटावर डायव्हरांच्या मागे राहून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. सुमारे तीन चतुर्थांश डायव्हर एकदा तरी प्रवाळखडकाला लागलेच, आणि बहुतेक वेळा फिनने, म्हणजे पोहताना पायात घालतात त्या वल्ह्यासारख्या पंजाने. होडीवर दिलेल्या छोट्या सूचनांनी काहीही फरक पडला नाही. फरक पडला तो गाइडने पाण्यात जागच्या जागी अडवल्यावर. त्यामुळे छान भाषण देणाऱ्यापेक्षा तुमचा पाय ओढून बाजूला करणारा गाइड शोधा.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने आणि रीफ-वर्ल्ड फाउंडेशनने चालवलेला 'ग्रीन फिन्स' हा उपक्रम २००४ पासून आहे. त्यात सामील झालेल्या डायव्हिंग केंद्रांची वेळोवेळी तपासणी होते. तुमच्या ठिकाणी असं केंद्र असेल तर निवड सोपी.

कागदपत्रं: नुसत्या स्नॉर्केलिंगला ओळखपत्र आणि संरक्षित क्षेत्र असेल तर प्रवेश परवाना. स्कूबासाठी (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली जाण्यासाठी) प्रमाणपत्र, लॉगबुक, अपघात विमा आणि वैद्यकीय प्रश्नावली. या प्रश्नावलीत एखाद्या ठिकाणी "हो" लिहावं लागलं तर सहसा डॉक्टरचं पत्र मागतात. ते निघण्याआधीच घेऊन ठेवा, धक्क्यावर उभं राहून डॉक्टर शोधायची वेळ माझ्यावर आली आहे. आणि "परवान्याचं आम्ही बघतो" असं कोणी म्हणालं तर पावती मागा.

३. सामान: काय घ्यायचं, काय नाही

घ्या: नीट बसणारा मास्क, स्नॉर्केल, फिन, पूर्ण बाह्यांचा रॅश गार्ड (पोहताना घालायचा अंगाबरोबरचा सदरा), पोटऱ्या झाकणारी पँट, आणि पोहण्यात कच्चे असाल तर तरंगण्याचं जॅकेट. जॅकेटची लाज वाटू देऊ नका. ते घातलेला माणूस प्रवाळावर उभा राहत नाही.

नका घेऊ: हातमोजे. हातमोजे घातले की माणूस बिनधास्त कुठेही धरतो. काही संरक्षित क्षेत्रांत त्यांना बंदीच आहे. कॅमेराही पहिल्या काही वेळा घरी ठेवा. कॅमेरेवाल्याचं सगळं लक्ष चौकटीत असतं आणि मागचे पाय काय उद्योग करतायत याचा त्याला पत्ता नसतो.

आता सनस्क्रीन. यावर फार गोंधळ आहे. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट या दोन रसायनांनी प्रयोगशाळेत प्रवाळांच्या अळ्यांना आणि पेशींना इजा झालेली दिसली. हवाईने यांपैकी कोणतंही असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर बंदी घालणारा कायदा २०१८ मध्ये केला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू झाला. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या छोट्या देशाने तर १ जानेवारी २०२० पासून आणखी मोठी यादी बंद केली. खुल्या समुद्रात या रसायनांचं प्रमाण किती आणि त्याने प्रत्यक्ष किती नुकसान होतं यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. पण वाद मिटायची वाट कशाला बघायची? अंग कपड्याने झाका, म्हणजे मलम फक्त चेहरा, मान आणि हातापुरतं लागेल. ते झिंक ऑक्साइडचं घ्या आणि पाण्यात जाण्याच्या वीस मिनिटं आधी लावा. डबीवरच्या 'रीफ-सेफ' या शब्दांवर विसंबू नका. त्याची सर्वत्र मान्य अशी कायदेशीर व्याख्या नाही. डबी उलटी करून घटकांची यादी वाचा.

४. प्रवाळापासून लांब, वाळूवर सराव करा

हा टप्पा लोक गाळतात, आणि बहुतेक मोडतोड इथेच ठरते.

मास्क: पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर टेका आणि नाकाने हलका श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तर तुमच्या मापाचा. केसाची एक बट कडेखाली आली तरी पाणी झिरपतं. मिशीवाल्यांना थोडा त्रास होणारच. कोरा मास्क असेल तर काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो. टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासा, नाहीतर कितीही थुंकी लावली तरी काच धुरकटते.

पाणी शिरलं तर काय करायचं हे कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करून बघा. मान थोडी वर, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची आणि नाकाने जोरात श्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. तेही जमलं नाही तर उताणे व्हा, जॅकेटवर तरंगत राहा आणि निवांत मास्क काढून घाला. "मास्कमध्ये पाणी आलं की उताणं" ही सवय अंगात मुरली तर तुम्ही प्रवाळावर उभे राहणार नाही. मी उभा राहिलो कारण मला हे कोणी सांगितलं नव्हतं.

पाय: नवखे सायकल मारल्यासारखे पाय चालवतात. गुडघे पोटाकडे येतात, अंग उभं होतं आणि फिन खाली आपटतात. पाय मांडीपासून हलवा, गुडघे जवळजवळ सरळ, हालचाल लहान. फिन म्हणजे तुमच्या पायाला जोडलेला लांब पंजा आहे आणि मेंदूला त्याची लांबी लवकर कळत नाही. मागे किती जागा लागते याचा अंदाज वाळूवर घ्या.

स्कूबावाल्यांसाठी: वजन जास्त घेऊ नका. जास्त वजनाचा डायव्हर सतत खाली जातो आणि सतत लाथा मारून वर येतो. लोंबकळणारे गेज आणि पर्यायी रेग्युलेटर जॅकेटला अडकवा. ते तळावर घासत जातात आणि तुम्हाला कळतही नाही. परीक्षा एकच: वाळूच्या वर एका जागी, हात न हलवता एक मिनिट तरंगता येतं का? येत नसेल तर आजचा दिवस वाळूवरच.

५. पाण्यात उतरल्यावर

भरतीचं वेळापत्रक आधी बघा. ओहोटीला उथळ प्रवाळांवर पोटाखाली वीतभर पाणी उरतं. अशा वेळी कितीही सराव असला तरी घासणारच. पाणी पुरेसं असताना जा, वाळूच्या वाटेने आत शिरा आणि त्याच वाटेने परत या. येताना दमलेलो असतो म्हणून प्रवाळांवरून आडवं जायचा मोह होतो, तो टाळा.

प्रवाळांच्या वरून पोहण्यापेक्षा कडेने पोहा. दिसतं तेवढंच, धोका कमी. फिनने उडालेली वाळू प्रवाळावर बसली तर ती झटकायला त्याला चिकट स्राव सोडावा लागतो. त्यात त्याची ताकद खर्च होते. एखाददुसरा माणूस निभावून जातो, पण रोज शंभर जण आले तर?

प्रवाहाने ढकललं तर आधारासाठी "मेलेला खडक" धरा असा सल्ला काही जण देतात. नवख्याने तो मानू नये. कोणता मेलेला आणि कोणता जिवंत हे ओळखायलाच वेळ लागतो. शिवाय फायर कोरलला हात लागला तर बराच वेळ चांगलीच आग होते. खोल पाण्याकडे वळा आणि गाइडला हात करा.

६. पांढरं दिसलं म्हणजे मेलं असं नाही

पाण्याचं तापमान तिथल्या नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एखादा अंश जरी वर गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं तर प्रवाळ आतलं शैवाल बाहेर टाकतो. कातडी पारदर्शक उरते आणि खालचा पांढरा सांगाडा दिसतो. हेच ब्लीचिंग. प्रवाळ तेव्हा जिवंत असतो, पण उपाशी. पाणी लवकर निवलं तर शैवाल परत येतं. नाही निवलं तर तो मरतो, आणि थोड्याच दिवसांत सांगाड्यावर हिरवट-करडी बुरशीसारखी लव चढते. म्हणजे लख्ख पांढरं असेल तर अजून आशा असू शकते, मळकट केसाळ झालं असेल तर बहुधा संपलं.

फसवणाऱ्या गोष्टी बऱ्याच आहेत. फांद्यांची टोकं नैसर्गिकरीत्याच पांढरी असतात, ती वाढीची जागा. पोपटमाशाच्या दातांचे ओरखडेही पांढरे दिसतात. एखाद्या भागावर स्वच्छ पांढरा पट्टा आणि बाजूला निरोगी रंग असेल तर काटेरी तारामासा किंवा गोगलगाय जेवून गेलेली असू शकते, किंवा रोग असू शकतो.

माझी स्वतःची फजिती सांगतो. सुरुवातीच्या एका सहलीत मी जांभळट-निळ्या, आतून दिवा लावल्यासारख्या फांद्यांचा फोटो काढला. मोठा करून घेतला, भिंतीवर लावला, येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवला. वर्षभराने एका अनुभवी डायव्हरने तो बघितला आणि म्हणाला, "हे तर ब्लीच होतंय." काही प्रवाळ शैवाल गमावताना स्वतःची चमकदार रंगद्रव्यं वाढवतात. आजारपणातली ती चमक मी सौंदर्य म्हणून टांगून ठेवली होती. फोटो अजून तिथेच आहे, आता खाली तारीख लिहिली आहे.

जाण्याआधी अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेचे 'कोरल रीफ वॉच' नकाशे बघा, ते सर्वांना मोफत खुले आहेत. त्यात उष्णतेचा ताण 'डिग्री हीटिंग वीक' या एककात दिसतो: किती अंश जास्त आणि किती आठवडे, याचा गेल्या बारा आठवड्यांचा हिशेब. आकडा ४ च्या पुढे गेला की लक्षणीय ब्लीचिंग अपेक्षित, ८ च्या पुढे प्रवाळ मरू लागतात. आकडा चढलेला असेल तर मी सहल पुढे ढकलतो. तापाने फणफणलेल्याच्या घरी पाहुणा म्हणून कशाला जायचं?

७. आता मदत: बघितलेलं लिहून ठेवा

ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या 'कोरलवॉच' प्रकल्पाने रंगांचा एक प्लास्टिकचा तक्ता बनवला आहे. पाण्यात नेता येतो आणि शास्त्राची पदवी लागत नाही. तक्त्यावर बी, सी, डी, ई अशा चार रंगछटा आणि प्रत्येकीच्या फिक्यापासून गडदपर्यंत १ ते ६ पायऱ्या. प्रवाळाजवळ तक्ता धरायचा, टेकवायचा नाही. सगळ्यात फिका भाग कोणत्या चौकोनाशी जुळतो आणि सगळ्यात गडद कोणत्या, एवढं लिहायचं. सोबत प्रकार: फांद्यांचा, धोंड्यासारखा, ताटासारखा की मऊ. फांद्यांची टोकं मोजायची नाहीत, कारण वर सांगितलंच.

सापळा असा की माणूस सुंदर किंवा भयानक प्रवाळच निवडतो. "दर पाच वेळा पाय मारल्यावर जो सगळ्यात जवळ तो" असा नियम ठरवा आणि पाळा. किमान वीस नोंदी करा, प्रकल्पाच्या संकेतस्थळावर भरा. एका सहलीच्या नोंदीला फारसा अर्थ नसतो. तीच जागा, तोच ऋतू, पुढच्या वर्षी पुन्हा, तेव्हा ती बोलू लागते.

याची गोडी लागली तर १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'रीफ चेक' या स्वयंसेवकांकडून प्रवाळांची पाहणी करवून घेणाऱ्या उपक्रमाचं प्रशिक्षण घ्या. तिथे तळावर शंभर मीटरची टेप टाकतात, तिचे वीस-वीस मीटरचे चार तुकडे मोजतात आणि दर अर्ध्या मीटरला टेपखाली काय आहे ते लिहितात. पहिल्या दिवशी मला एकाच तुकड्यात ४० नोंदी करताना घाम फुटला होता, पाण्यात असूनही.

८. परतताना पिशवी रिकामी

मेलेला तुकडा, शंख, वाळू, काही नाही. दगडी प्रवाळ साइट्स कराराच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहेत, म्हणजे देशाबाहेर नेताना परवाना लागतो. "किनाऱ्यावर पडलेलं होतं" हे विमानतळावर चालत नाही. दुकानातून घेतलं हेही नाही.

९. पाण्यापासून दूर असताना

खरं सांगायचं तर मोठं नुकसान स्नॉर्केलवाल्यांनी केलेलं नाही. १९९८, २०१०, २०१४–१७ आणि २०२३ पासूनची चौथी, अशा जगभर ब्लीचिंगच्या चार लाटा आल्या. चौथ्या लाटेत मार्च २०२५ पर्यंत जगातल्या सुमारे ८४ टक्के प्रवाळक्षेत्राला ब्लीचिंगपर्यंत नेणारी उष्णता सोसावी लागली. तापमानवाढ १.५ अंशांवर थांबली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळ जातील आणि २ अंशांना जवळजवळ सगळेच, असं आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, २०१८ चा अहवाल सांगतो. कोळसा-तेल कमी जाळल्याशिवाय याला उत्तर नाही. तुमचं मत, तुमची वीज, तुमचा प्रवास, सगळं यात मोजलं जातं. प्रवाळ बघायला विमानाने जाणं हा यातला विनोद मलाही कळतो. म्हणून मी आता कमी वेळा जातो आणि जास्त दिवस राहतो.

मग स्थानिक काळजीचा उपयोग काय? सांडपाणी, वाहून आलेली माती आणि शैवाल खाणाऱ्या माशांची बेसुमार मासेमारी या तीन गोष्टी थांबल्या तर तापातून उठलेल्या प्रवाळाला बरं व्हायला जागा मिळते. कॅरिबियनमध्ये १९८३–८४ ला शैवाल खाणारे काळे लांबकाटे समुद्री साळू रोगाने मेले आणि मासेही आधीच उपसलेले असल्याने शैवालाने अनेक ठिकाणी प्रवाळ झाकून टाकले. मध्य अमेरिकेतल्या बेलीझने २००९ मध्ये शैवाल खाणारा पोपटमासा पकडण्यावरच बंदी घातली. मेक्सिकोतल्या काबो पुल्मो येथे गावकऱ्यांनी मासेमारी बंद ठेवली, तिथलं माशांचं वजन १९९९ ते २००९ या दहा वर्षांत साडेपाच पटींवर गेलं. थायलंडची माया बे २०१८ मध्ये पर्यटकांना बंद केली, २०२२ मध्ये मर्यादित संख्येने आणि पोहायला बंदी घालून उघडली. तेव्हा मधल्या काळात छोटे शार्क परत आले होते. म्हणून कुठे प्रवेश बंद दिसला तर चिडू नका, आणि ताटात पोपटमासा आला तर परत पाठवा.

१०. प्रवाळ लावायला जायचंच असेल तर

तुटलेले तुकडे रोपवाटिकेत वाढवून पुन्हा लावणं हे खरं शास्त्र आहे आणि काही गट ते उत्तम करतात. पण पैसे घेऊन हौशी लोकांकडून तुकडे बांधून घेणारेही बरेच आहेत. २०२३ च्या जुलैत फ्लोरिडात पाणी इतकं तापलं की समुद्रातल्या रोपवाटिकांमधले प्रवाळ उचलून जमिनीवरच्या टाक्यांत हलवावे लागले. निष्णात लोकांची ही गत, तर नवख्यांच्या गाठीचं काय?

काटेरी तारामासे मारायला किंवा अडकलेली जाळी ओढायलाही आपणहून जाऊ नका. जाळी ओढली की तिच्याबरोबर प्रवाळही येतो. ती प्रशिक्षित माणसं कापून सोडवतात.

पैसे भरण्याआधी विचारा: तुकडे कुठून आणता, निरोगी प्रवाळ मोडून तर नाही ना? परवाना कोणाचा? इथले आधीचे प्रवाळ कशाने मेले आणि ते कारण दूर झालं का? आणि वर्षभराने येऊन किती जगले हे कोण मोजतं?

हा शेवटचा प्रश्न मी एका ठिकाणी लिहून विचारला. दोन दिवसांनी उत्तरादाखल गेल्या वर्षीच्या कार्यक्रमाचे बारा फोटो आले. बाराही फोटोंत होडीवर हसणारे स्वयंसेवक होते. प्रवाळाचा एकही नव्हता. मी गेलो नाही.